फवारणीतलं शहाणपण डोळ्याच्या औषधाला का नाही?

आपला शेतकरी फवारणीच्या बाबतीत आता चांगला हुशार झाला आहे. हरभऱ्यावर घाटेअळी आली तर तो बुरशीनाशक मारत नाही, आणि द्राक्षावर भुरी दिसली तर अळीचं औषध आणत नाही. कृषी सेवा केंद्रात येताना रोगट पान खिशात घालून आणतो आणि "ह्याला काय मारू?" म्हणून विचारतो. डब्यावरचा त्रिकोण लाल की पिवळा, पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली घ्यायचं, दुसऱ्या औषधात मिसळलं तर फाटतं का, हे सगळं विचारून घेतो. हाच माणूस डोळा लाल झाला की मेडिकलवर जातो आणि म्हणतो, "डोळ्याचा ड्रॉप द्या एक." कसला ड्रॉप, कशावरचा, त्यात काय आहे, काही नाही. दुकानदारही फळीवरची एक बाटली काढून देतो. दहा-वीस रुपये इकडे-तिकडे, व्यवहार संपला.

पिकाची जेवढी चौकशी आपण करतो तेवढी स्वतःच्या डोळ्याची करत नाही, ही माझी तक्रार आहे. मी डॉक्टर नाही, शेतीची पदविका घेऊन गावोगाव फिरणारा माणूस आहे. पण शेतात डोळ्याला जे अपघात होतात ते दवाखान्याच्या आधी आमच्या नजरेला पडतात. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

येडशीच्या आसपासचं वर्षाचं काम डोळ्यासमोर आणा. आश्विनात सोयाबीनची गंजी मळणी यंत्रावर पडते, शेंगांचं कूस आणि माती अंगावर उडते. पुढे तूर कापताना तुराटीचं टोक डोळ्यात जातं. माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी, तिची वाळलेली पात करवतीसारखी असते. ऊसतोडीला पाचट आहे, बांधावर बाभळ आहे, रामलिंगच्या घाटाकडं शेळ्या राखणाऱ्या पोरांना काट्याकुट्यांची झुडपं आहेत. डोळ्याला पात लागली, थोडं पाणी आलं, खुपलं, एवढ्यासाठी कोणी काम सोडत नाही. उपरण्याच्या टोकानं डोळा पुसायचा आणि पुन्हा वाकायचं.

बुबुळावर पारदर्शक काचेसारखा एक पडदा असतो. डॉक्टर त्याला पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यावर ओरखडा उठला आणि पात किंवा काडी आपल्याबरोबर बुरशीचे बीजाणू घेऊन आली, की ते त्या ओरखड्यात रुजतात. ही बुरशी कोणती, तर पुष्कळदा फ्युजेरियम. शेतकऱ्याला हे नाव ओळखीचं आहे. तुरीला आणि हरभऱ्याला मर लागते ती ह्याच कुळातल्या बुरशीनं. जातींमध्ये फरक आहे, पण घराणं एकच. मर लागलेल्या तुरीचं झाड पाहता पाहता वाळतं, तसं ह्या जखमेचं होतं. आधी बुबुळावर पांढुरका ठिपका, मग तो पसरतो, आणि शेवटी ज्याला आपल्याकडं 'फूल पडलं' म्हणतात ते पडतं. फूल बुबुळाच्या मधोमध पडलं तर त्या डोळ्याचं दिसणं गेलं.

ही क्वचितची गोष्ट आहे असं कोणी समजू नये. केंद्र सरकारच्या २०१५ ते २०१९ ह्या काळातल्या राष्ट्रीय अंधत्व पाहणीत पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण पारपटल पांढरं होणं हे निघालं, आणि त्याचा वाटा ३७.५ टक्के होता. पन्नाशीच्या आतला माणूस म्हणजे घरातला कर्ता माणूस. मोतीबिंदूची आपल्याकडं बऱ्यापैकी जाण आली आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांच्या कामामुळं आणि गावोगावच्या शिबिरांमुळं म्हातारी माणसंही आता ऑपरेशनला भीत नाहीत. पण मोतीबिंदू शिबिराची वाट पाहू शकतो. बुबुळावरची जखम तशी थांबत नाही, तिला दिवस मोजून मिळतात.

आता मेडिकलवरून आणलेल्या त्या बाटलीकडं येऊ. डोळ्याच्या थेंबांमध्ये निदान पाच-सहा वेगवेगळ्या जाती आहेत. जीवाणू मारणारे थेंब वेगळे, बुरशी मारणारे वेगळे, विषाणूवरचे वेगळे. काचबिंदूत डोळ्यातला दाब उतरवणारे निराळे. बाहुली मोठी करणारे निराळे, कोरड्या डोळ्याला ओलावा देणारे निराळे. आणि एक जात आहे स्टिरॉइडची. ती कशालाच मारत नाही. ती फक्त सूज, लाली आणि आग कमी करते. नेत्रतज्ज्ञाच्या हाती हे फार उपयोगी औषध आहे. ऑपरेशननंतर किंवा डोळ्याच्या आतल्या सुजेत त्याच्यावाचून चालत नाही. पण बुरशी लागलेल्या जखमेवर स्टिरॉइड म्हणजे रोग पडलेल्या पिकाला युरिया. दोन-चार दिवस पीक काळंभोर हिरवं दिसतं, शेतकरी खूश होतो, आणि कोवळ्या लुसलुशीत पानांवर रोग दुप्पट पसरतो. डोळ्यातही तेच. लाली गेली, खुपणं थांबलं, म्हणून माणूस कामाला लागतो, आणि अंगाची रोगाशी लढण्याची ताकद दबल्यामुळं बुरशी आत उतरते.

दोन वर्षांमागं आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याचं असंच झालं. ज्वारी काढताना पात लागली. एका दुकानातून चिठ्ठीशिवाय बाटली आणली. पहिले तीन दिवस बरं वाटलं, म्हणून त्यानं आठवडाभर तेच चालू ठेवलं. नेत्रतज्ज्ञाकडं गेला तेव्हा बुबुळ निम्मं पांढरं झालेलं होतं. डोळा जागेवर राहिला, नजर गेली. त्या बाटलीत प्रतिजैविकासोबत डेक्सामेथासोन होतं हे नंतर कळलं. ते वेष्टनावर छापलेलं होतं, पण बारीक इंग्रजी अक्षरात.

बाटलीतलं औषध तयार कसं होतं हेही समजून घेतलं पाहिजे, म्हणजे त्याची किंमत कळेल. डोळ्यातल्या अश्रूंना आपला खारेपणा असतो आणि आम्ल-विम्लाचा आपला एक तोल असतो, सामू सुमारे ७.४. मातीचा सामू बिघडला तर मुळी जळते, तसं थेंबाचं गणित चुकलं तर डोळा झोंबतो आणि अश्रू औषध धुऊन टाकतात. म्हणून शुद्ध पाण्यात औषध मोजून विरघळवतात, मीठ आणि इतर क्षार घालून त्याचा खारेपणा अश्रूंच्या जवळ, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या पाण्याइतका आणतात, आणि सामू जुळवतात. मग हे द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. जीवाणूही ज्यातून सहसा पार होत नाही अशी ती गाळणी. नंतर निर्जंतुक खोलीत, हवासुद्धा गाळून घेतलेली असते अशा ठिकाणी, बाटल्या भरतात. बाटली उघडल्यावर तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून बहुतेक वेळा थोडं संरक्षक द्रव्य घालतात. मलम असेल तर औषध मऊ पेट्रोलियमच्या आधारात घोटतात, म्हणजे ते डोळ्यात जास्त वेळ टिकतं.

ह्या साखळीत एक कडी निसटली तर काय होतं ते २०२३ साली जगानं पाहिलं. चेन्नईजवळच्या एका कारखान्यातून अमेरिकेत गेलेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांचा संबंध एका चिवट जीवाणूच्या साथीशी जोडला गेला. तिथल्या सरकारी आकड्यांनुसार १८ राज्यांत ८१ जणांना लागण झाली, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चार जण दगावले. ते थेंब विषारी नव्हते. साधे ओलावा देणारे थेंब, फक्त निर्जंतुक राहिले नव्हते.

कारखान्यात एवढी काळजी घेतात, आणि आपण काय करतो? बाटलीचं टोक सुईनं किंवा काट्यानं टोचतो, पापणीला टेकवून थेंब पाडतो, टोपण उघडं टाकतो, आणि उरलेली बाटली कोनाड्यात ठेवून पुढल्या वर्षी पोराच्या डोळ्यात घालतो. उघडलेली बाटली साधारण महिन्याच्या वर वापरू नये. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची मोठी साथ आली होती. तेव्हाच्या किती बाटल्या अजून घराघरांतल्या कोनाड्यांत आहेत, देव जाणे. ती साथ मुख्यतः विषाणूची असते, आणि विषाणूला प्रतिजैविक लागू पडत नाही, हे तर वेगळंच.

बुरशीच्या जखमेवर चालणारं औषध आहे. त्याचं नाव नॅटामायसिन, पाच टक्क्यांचं. त्याची कुळकथा शेतकऱ्याला आवडेल अशी आहे. १९५५ साली दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातल्या मातीच्या नमुन्यात एक सूक्ष्मजीव सापडला, त्याच्यापासून हे औषध निघालं. म्हणजे जखमेत बुरशी येते मातीतून आणि तिचा उतारही मातीतूनच. आपण ट्रायकोडर्मा वापरतो त्यातला हाच न्याय. हे औषध पाण्यात विरघळत नाही, दुधासारखं गढूळ असतं आणि तळाशी बसतं. म्हणून बाटली हलवूनच वापरायची. न हलवता घातलं तर वरचं नुसतं पाणी डोळ्यात जातं, पाण्यात मिसळणाऱ्या पावडरीचा पंप न ढवळता मारावा तसं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पुढाकारानं तमिळनाडू-पुदुच्चेरीत ३२३ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. नव्या व्होरिकोनॅझोलच्या थेंबांपेक्षा जुनं नॅटामायसिन सरस ठरलं, आणि फ्युजेरियमच्या बाबतीत तर फरक ठळक होता. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

काही औषधं तर तयार मिळतच नाहीत. मोठ्या नेत्र रुग्णालयांत ती इंजेक्शनच्या पावडरीपासून निर्जंतुक पद्धतीनं ताजी बनवतात. बुरशीवरचं ॲम्फोटेरिसिन बी हे त्यातलं एक. ते निर्जंतुक पाण्यातच करावं लागतं. सलाइनमध्ये केलं तर फाटतं. दोन औषधं पंपात एकत्र केली आणि साका बसला, हे आपण पाहिलेलं आहे, तसंच. म्हणून इंजेक्शन फोडून डोळ्यात घालण्याचा घरगुती उद्योग कोणी करू नये.

घरगुती उपायांबद्दल बोललं की माणसं दुखावतात, तरी बोलतो. बाळंतिणीचं दूध, मध, कोथिंबिरीचा रस, पाला चावून डोळ्यात थुंकणं, जिभेनं कचरा काढणं, हे सगळं आपल्याकडं चालतं. आयुर्वेदाला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. तिथंही अंजन आणि नेत्रबिंदू करायला शास्त्र आहे, मोजमाप आहे. पण जखम झालेल्या डोळ्यात न गाळलेला, न उकळलेला रस घालणं हे कोणत्याच शास्त्रात बसत नाही. सुरम्यात तर शिशाचा अंश असू शकतो, तो लेकरांना बाधतो.

दोन झाडांविषयी मुद्दाम सांगतो. एक रुई. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार घालतात. पानं खुडलेला हात तसाच डोळ्याला लागला तर चीक आत जातो. हा चीक फसवा आहे. पुष्कळदा फारसं दुखत नाही, पण बुबुळाच्या आतल्या थराला इजा होऊन काही तासांत सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसू लागतं. दुखत नाही म्हणून घरी बसू नये. दुसरा धोतरा. त्याच्या बियांत आणि पानांत जे विष आहे त्यात ॲट्रोपीन येतं. तेच ॲट्रोपीन शुद्ध करून, एक टक्क्याचं मोजून, डॉक्टर जखमी डोळ्यात घालतात. बाहुली मोठी होते आणि आतली कळ थांबते. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या माणसाला इंजेक्शनातून देतात तेही हेच. झाड तेच, विष तेच, फरक मापाचा आणि शुद्धतेचा आहे. मापाला शेतकऱ्यानं तरी कमी लेखू नये.

आता सरकारनं काय करावं ते सांगतो, कारण सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति विषारी, हे निरक्षर माणसालाही कळतं. आतलं माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही द्यावं लागतं. मग डोळ्याच्या बाटलीवर अशी खूण का नसावी? अमेरिकेत नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेनं सुचवलेली टोपणांच्या रंगाची पद्धत आहे: स्टिरॉइडला गुलाबी, जंतुनाशकाला फिकट तपकिरी, बाहुली मोठी करणाऱ्याला लाल. आपल्याकडं स्टिरॉइड असलेल्या प्रत्येक थेंबाच्या बाटलीवर एक ठळक रंगीत पट्टा आणि 'डोळ्याला मार लागला असल्यास वापरू नका' हे मराठीत छापायला काय हरकत आहे? स्टिरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा कायदा आहे, वेष्टनावर तसा इशाराही असतो. तो दुकानाच्या फळीवर पाळला जातो का, हे अन्न व औषध प्रशासनानं तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांत येऊन पाहावं.

दुसरं, ग्रामीण रुग्णालयात नॅटामायसिनची बाटली असावी. बुरशी आहे की नाही हे कळायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. नेत्रतज्ज्ञ जखमेचा किंचित खरवड काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे असले तर पुष्कळदा तिथंच दिसतात. सूक्ष्मदर्शक आहेत, तो हात शिकवायला हवा.

तिसरं आमच्या खात्याचं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले, कित्येकांच्या डोळ्यांवरही परिणाम झाला. तेव्हापासून मास्क आणि हातमोजे यांविषयी आम्ही सभांतून बोलतो. चष्म्याविषयी फार कमी बोलतो. फवारणीला, मळणीला आणि ज्वारीच्या काढणीला साधा प्लॅस्टिकचा चष्मा लागतो, हे प्रत्येक शेतीशाळेत सांगितलं पाहिजे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघातात एक डोळा गेला तर एक लाख रुपये मिळतात. मिळावेतच. पण एक लाखाचे कागद जुळवण्यापेक्षा चष्मा स्वस्त आहे, आणि नॅटामायसिनची बाटलीसुद्धा एका एकराच्या फवारणीपेक्षा महाग नाही.

राहिलं आपल्या हातातलं. डोळ्याला पात, काडी, काटा लागला तर चोळू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा. काटा रुतलेला असेल तर उपटू नका, डोळ्यावर दाब येऊ देऊ नका आणि तसेच दवाखान्यात जा. औषध किंवा चुना उडाला तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार धरा, मगच गाडीवर बसा. तंबाखूच्या चुन्याची पुडी लेकरांच्या हाती लागू देऊ नका, ती दाबली की फुटून थेट डोळ्यात जाते. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. येडशीहून धाराशिव वीसेक किलोमीटर आहे, बार्शीला आणि लातूरलाही गाड्या आहेत. डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा की शेतात अमुक लागलं. डोळा लाल झाला एवढंच सांगून भागत नाही. आधी कोणता ड्रॉप घातला असेल तर ती बाटली सोबत न्या, रोगट पान आणता तशी.

मेडिकलवर गेलातच तर विचारा, "ह्यात स्टिरॉइड आहे का?" वेष्टन लेकराकडून वाचून घ्या. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं शेवटी 'सोन' किंवा 'लोन' येणारं नाव असलं, तर डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय ती बाटली घेऊ नका. आणि डॉक्टरनं दिलेला थेंब एकच घाला. डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही, बाकीचं गालावर येतं. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बुरशीचा उपाय आठवडे चालतो, सुरुवातीला तासातासाला थेंब लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

ह्या माघात ज्वारीच्या काढणीला माणसं रानात उतरतील तेव्हा पाण्याच्या घागरीबरोबर एक चष्मा बांधावर असू द्या. आणि कोनाड्यातली जुनी बाटली आजच उकिरड्यावर टाका.